कालिया ते क्लोव्हरफील्ड : राक्षस बघण्यातली मजा

मंडळी, सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. रात्रीची वेळ, उसाचा फड, मोटारसायकलच्या उजेडात काहीतरी सळसळतं, हातातला फोन हलतोय, मागून कोणीतरी ओरडतं, "अरे, तो बघ!" बिबट्याचा असा व्हिडिओ ज्याच्या फोनवर कधीच आला नाही, त्याने हात वर करावा. (हशा)

आता त्यात बिबट्या दिसतो किती? शेपटीएवढा. तरी आपण तो चार वेळा बघतो. २००८ साली आलेला 'क्लोव्हरफील्ड' हा अमेरिकी सिनेमा याच कुतूहलावर उभा आहे. न्यूयॉर्कवर एक प्रचंड प्राणी चालून येतो, आणि आपल्याला सगळं दिसतं ते एका निरोपाच्या पार्टीत चित्रीकरण करत असलेल्या मित्राच्या कॅमेऱ्यातून. प्राणी इमारतींच्या फटीतून ओझरता दिसतो. उरलेला आपणच मनात उभा करतो. शिवाय त्या टेपवर आधीचं चित्रीकरण आहे. नायक-नायिकेचा एक सुखाचा दिवस मधूनच डोकावतो आणि चटका लावून जातो.

पण पडद्यावरचा राक्षस आपल्याकडे फार आधी आला. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' केला. कृष्ण झाली होती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती मंदाकिनी म्हणूनच चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे फाळके आधीच सांगून टाकतात, बाबांनो, हा खेळ आहे! पुढे पाण्याखाली नागाशी झुंज, काठावर गोकुळाचा आकांत. गोष्ट सगळ्यांना पाठ, कृष्ण जिंकणार हेही माहीत. मग मजा कशात? 'हे दाखवणार कसं?' यात.

'क्लोव्हरफील्ड' उलटं करतो. सुरुवातीलाच सरकारी पाटी येते: कॅमेरा जिथे सापडला, त्या जागेला पूर्वी सेंट्रल पार्क म्हणत. म्हणजे हे खरंच घडलं, असा आव. पण बघणाऱ्याने तिकीट काढलेलं असतं. फाळक्यांची मंदाकिनी आणि आपल्या खिशातलं तिकीट, दोघांचं काम एकच. त्या भरवशावर आपण मनसोक्त घाबरतो.

फोनवरच्या व्हिडिओला ना मंदाकिनी, ना तिकीट. तो कुठला, कधीचा, कळत नाही. आणि आपल्याकडे प्राणी तर खरा आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माणसांच्या शेतशिवारात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. रात्री वीज आली की पाणी द्यायला फडात जाणाऱ्याला खरी बातमी लागते. त्याला दुसऱ्याच गावचा जुना व्हिडिओ पाठवला, तर आज तो घाबरतो आणि उद्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

त्या सिनेमात कॅमेरा धरणारा शेवटपर्यंत चित्रीकरण करत राहतो, आणि प्राणी त्यालाच गाठतो. थिएटरात त्याची मजा जरूर घ्या. बांधावर मात्र फोन खिशात ठेवा आणि आधी मागे सरा.