बुडीत खात्यातल्या मुली



पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. टॅक्सचा हंगाम संपला की मी दरवर्षी काहीतरी जुनं वाचायला घेते. यंदा जे वाचलं ते मनातून जाईना, म्हणून लिहितेय. चहा घेऊन बसा.

आधी थोडं घरचं. मी सीए, मूळची पुण्याची, आता बरीच वर्षं सनीव्हेलमध्ये. आमची लेक पाचवीत आहे. तिला लहानपणापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना हिअरिंग एड आहेत. चार वर्षांपूर्वी पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. नात्यातल्या एका मोठ्या बाईंनी फोटोच्या आधी मला हळूच म्हटलं, "अगं, केस मोकळे सोड ना तिचे. कान झाकले जातील. लोक उगाच विचारत बसतात." त्या वाईट नाहीत, मायेनंच म्हणाल्या. आणि मी सोडले केस. विषय संपला असं मला वाटलं होतं. पण त्यानंतर कुठेही फोटो निघायची वेळ आली की लेक आपणहून केस कानांवर ओढते. कोणी सांगावं लागत नाही.

यंदा शाळेत तिला एका स्त्रीचं चरित्र लिहायचं होतं. मी म्हटलं, आनंदीबाई जोशी घे. त्या १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, इथल्या मुलांना समजायलाही सोपं. वाचता वाचता पंडिता रमाबाई आल्या. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या इंग्लंडहून मुद्दाम अमेरिकेत आल्या होत्या. मी वाचून दाखवत होते, "रमाबाईंनाही डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो विचार सोडावा लागला."

लेक म्हणाली, "थांब आई. तिला ऐकू येत नव्हतं?"

खरं सांगते, मलाच माहीत नव्हतं. मराठी शाळेत शिकले, पुण्यात वाढले, आणि आमच्या पुस्तकातल्या रमाबाई म्हणजे शारदा सदन, विधवांची शाळा, पूर्णविराम. कानांचं कोणी सांगितलं नाही, आणि केडगावच्या अंध मुलींचं तर मुळीच नाही. मग मी पुढे वाचत गेले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, त्या काळात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. ही मुलगी आणि तिचा भाऊ अर्धपोटी, पायी देशभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' म्हटलं. दोन वर्षांनी भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवराही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये मायलेकींनी ख्रिस्ती धर्म घेतला.

आता आपल्या गावाशी जोडलेली गोष्ट. १८८६ ते १८८८ रमाबाई अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या. १८८७ मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' निघालं. १८८८ मध्ये त्या इथे, सॅन फ्रान्सिस्कोला आल्या आणि इथूनच जहाजानं जपान, हाँगकाँग करत मुंबईला परतल्या. तेव्हा सनीव्हेल नव्हतंच. रेल्वेचं मर्फी स्टेशन होतं आणि भोवती शेतं. आपण शनिवारी ज्या मर्फी अ‍ॅव्हेन्यूवर जेवायला जातो, तिचं नाव त्याच मर्फी कुटुंबाचं. म्हणजे भाषणं देऊन इथल्या लोकांकडून मुलींच्या शाळेसाठी मदत मिळवणारी मराठी बाई आपल्या आधी शंभरहून जास्त वर्षं इथे येऊन गेली होती. आपण समजतो आपण पहिले.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, इथल्याच विद्यार्थिनी.

आता माझ्यातली सीए जागी होते. बॉस्टनच्या मंडळानं मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांचं. दहा वर्षांनी काय? रमाबाईंनी ते आधीच ओळखलं आणि पुणे-दौंड लाइनवरच्या केडगावला (नगरजवळचं केडगाव वेगळं) शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. हेतू हा, की फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं. देणगी आटायच्या आधी उत्पन्नाची सोय बघणारी संस्था मला आजही क्वचित भेटते.

पण त्या जमिनीवर आधी फळं नाही, माणसं आली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः तो भोगला होता. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली, तरुण विधवा यांना घेऊन येऊ लागल्या. सुमारे तीनशे जणी झाल्या. त्यातच १८९७ ला पुण्यात प्लेग. शहरात इतक्या मुलींना ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं. तंबू आणि झोपड्यांपासून सुरुवात झाली. १८९८ मध्ये त्याचं 'मुक्ती सदन' झालं. मग १८९९-१९०० चा गुजरात-राजपुतान्यातला मोठा दुष्काळ, ज्याला तिकडे छप्पनिया म्हणतात. तिथूनही मुली आल्या, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या मुलींत काही अंध होत्या. दुष्काळ आणि आंधळेपण यांचा संबंध मला आधी कळला नव्हता. लहान मुलाला महिनोन्‌महिने हिरवी भाजी, दूधदुभतं मिळालं नाही की अ जीवनसत्त्व संपतं. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुकतो, मऊ पडतो आणि डोळा कायमचा जातो. त्यात देवीच्या साथी. 'व्हिटॅमिन' हा शब्दच १९१२ चा. त्यामुळे १९०० मध्ये लोकांच्या दृष्टीनं ते नशीब होतं, नाहीतर मागच्या जन्मीचं पाप.

अशा मुलीचा हिशेब कसा लागायचा बघा. मुलगी, अनाथ, दुष्काळातली, वर अंध. लग्न नाही, काम नाही, कोणी विचारणारं नाही. आमच्या भाषेत याला बुडीत खातं म्हणतात. वसूल होणार नाही असं ठरवायचं आणि लिहून टाकायचं.

केडगावला त्यांना बुडीत खात्यात टाकलं नाही. त्यांच्यासाठी वेगळं 'बार्तिमी सदन' झालं. बार्तिमी हा बायबलातला रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी. येशू जातोय हे कळल्यावर तो हाका मारू लागतो, लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतात, आणि तो आणखी मोठ्यानं हाक मारतो. हे नाव वाचून मी थांबले. गप्प बस, दिसू नकोस, केस कानावर घे. सगळं एकच नाही का?

मनोरमाबाई अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात शिकून आल्या होत्या. त्यांनी केडगावच्या अंध मुलींना ब्रेल शिकवायचं काम हाती घेतलं. तेव्हा भारतीय भाषांना एकच ठरलेली ब्रेल लिपीही नव्हती. वेगवेगळ्या शाळा आपापली जुळणी वापरत. सगळ्यांसाठी 'भारती ब्रेल' ठरली ती १९५१ मध्ये. म्हणजे या मुली पन्नास वर्षं आधी मराठी बोटांनी वाचत होत्या. केडगावला विणकाम, शिवण, शेती, दूध, तेलघाणी, छापखाना असे सगळे उद्योग होते, आणि प्रत्येकीला जमेल ते काम होतं. अंध मुलींनाही वाचनाबरोबर हाताचं काम शिकवलं जाई.

केडगाव एकटं नव्हतं. मुंबईत १८१३ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी त्याच १९०० साली अंध मुलांची शाळा काढली, तीही दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी. आजची दादरची अंध मुलांची शाळा तिचीच पुढची पिढी.

आता दुसरी बाजू, कारण एकाच बाजूच्या नोंदींना आम्ही हिशेब म्हणत नाही.

शारदा सदन सुरू करताना तिथे धर्मप्रचार होणार नाही असं सांगितलं होतं. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठलं. टिळकांनी केसरीतून कडक टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही बाहेर पडले. पुढे मुक्ती सदन तर उघडपणे ख्रिस्तीच होतं आणि दुष्काळातल्या कितीतरी मुली तिथे ख्रिस्ती झाल्या. जिला कालपर्यंत भाकर नव्हती, तिनं भाकर देणाऱ्याचा धर्म घेतला तर ती मर्जी किती आणि मिंधेपण किती? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. माझ्या आजीच्या घरात रमाबाईंचं नाव निघालं की लोक गप्प का व्हायचे, ते मला आता कळतं.

पण त्याच पानावर दुसरी नोंद आहे. याच दुष्काळांत आर्य समाजानंही अनाथ मुलं गोळा करून सांभाळायला सुरुवात केली, आणि त्यामागचं एक कारण हेच होतं की मिशनरी ती घेऊन जातात. मुलं कोणाची, यावर भांडण झालं म्हणून का होईना, ती कोणाची तरी झाली. मग त्यातल्या अंध, अपंग मुलीला आधी कोणी हात दिला? धर्मांतराबद्दल माझा आक्षेप आहे तसाच आहे. पण ज्या घरांनी, आमच्यासारख्यांच्या घरांनी, अशा मुलीला माजघरात ठेवलं, त्यांनी केडगावचा हिशेब तपासायच्या आधी आपला काढावा, असं मला वाटतं.

मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई १९२२ मध्ये. ऐकायला कमी येणाऱ्या या बाईनं शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि ते केडगावच्याच छापखान्यात बायकांनी छापलं. मुक्ती मिशन आजही चालू आहे, आणि अनाथ व अपंग मुली, बायका आजही तिथे राहतात.

"हे सगळं इंडियातलं, इथे असं नसतं," असं कोणी म्हणेल. थांबा. अमेरिकेत १९७५ चा कायदा होईपर्यंत दहा लाखांहून जास्त अपंग मुलं शाळेच्या बाहेर होती. आपल्या मुलांना मिळणारा आयईपी त्या कायद्यातून आला. आणि '५०४ प्लॅन'? ते १९७३ च्या कायद्याचं कलम ५०४. नियमच निघत नव्हते, म्हणून एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग लोक तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसले, व्हीलचेअरसकट. इथून कॅलट्रेननं तासा-सव्वा तासावर. म्हणजे हे हक्क कोणी आपणहून दिले नाहीत. कोणीतरी दिसायचं ठरवलं, म्हणून मिळाले.

आणि आपण काय करतो? शाळेत आयईपीच्या मीटिंगला नवराबायको दोघं रजा काढून जातो, सगळ्या सोयी मागून घेतो. मग फॅमिली ग्रुपवर मात्र एक शब्द नाही. मंडळाच्या गणपतीत मुलाला मागच्या रांगेत उभं करतो. पुण्याला फोनवर "मस्त चाललंय" म्हणतो. मी हेच केलंय, म्हणून सांगतेय. शाळेच्या फाइलमध्ये माझी मुलगी जमेला होती. घरच्या फोटोत तिचे कान मी स्वतः बुडीत खात्यात टाकले होते.

लेकीनं शेवटी आनंदीबाईंऐवजी रमाबाईंवरच लिहिलं. तिच्या पोस्टरचं पहिलंच वाक्य आहे की ही बाई नीट ऐकू शकत नव्हती. मी म्हटलं, आधी पंडिता लिही, सात भाषा लिही. ती म्हणाली, "ते सगळ्यांना माहीतच असेल ना."

डिसेंबरात पुन्हा पुण्यात लग्न आहे. केडगावला एक दिवस जाऊन यायचं ठरवलंय. आणि त्या मोठ्या बाईंना मी आधीच फोन करणार आहे. भांडायला नाही. एवढंच सांगायला, की केस बांधायचे की मोकळे सोडायचे ते लेक ठरवेल, पण कान झाकायला म्हणून आता कोणी सांगायचं नाही. फोन अजून केलेला नाही. ही पोस्ट टाकली की करावाच लागेल, म्हणूनही लिहितेय.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं काही असेल, तर इथे कॉमेंट करायलाच हवी असं नाही. मला मेसेज करा. आयईपी, ५०४, इन्शुरन्स, टॅक्समधली मेडिकल वजावट, जे मला येतं ते सांगेन. आणि काहीच विचारायचं नसेल, नुसतं बोलायचं असेल, तरी चालेल.