शिसे, मळी आणि पेट्रोलचा आकडा

मोटरसायकलच्या टाकीत कोणते पेट्रोल घालावे, याविषयी आपल्याकडे मोठे गमतीदार समज आहेत. महागडे पेट्रोल घातले की गाडी जोरात पळते, हा त्यांतला सर्वांत लाडका. वास्तविक 91, 95 किंवा 100 हा ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नव्हे, सहनशीलतेचा आहे. सिलिंडरात दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडावी आणि ज्योत क्रमाने पसरावी, ही रीत. ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकले, तर पिस्टनवर घाव बसतो आणि चढावर इंजिन खडखडू लागते. ही खडखड किती दाबापर्यंत टळेल, एवढेच तो आकडा सांगतो. ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनज्ञाने 1926 साली ही मोजपट्टी घालून दिली.

पण खडखडीवरचा उतारा त्यापूर्वीच सापडला होता, आणि तेथेच ही कथा काळवंडते. अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन गावी, चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली हा इंजिनियर नाना पदार्थ पेट्रोलमध्ये घालून पाहत होता. मद्यार्क गुणकारी आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. ऑक्टोबर 1921 मध्ये शेकडा तीस मद्यार्काच्या मिश्रणावर चालणारी मोटार त्याने इंजिनियरांच्या सभेला दाखवलीही. दोनच महिन्यांनी, 9 डिसेंबरला, शिशाचे एक संयुग हाती लागले. गॅलनमागे जेमतेम तीन ग्रॅम पुरे! मद्यार्क काय, धान्य किंवा मळी असलेला कोणीही गाळील. त्याची मक्तेदारी कोण घेणार? शिशाची घेता येत होती. फेब्रुवारी 1923 मध्ये डेटनलाच विक्री सुरू झाली आणि नाव ठेवले ‘एथिल’. नावात शिशाचा मागमूसही नाही. बारशालाच लपवाछपवी!

त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेमुळे फ्लॉरिडात विश्रांती घेत होता. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले. त्यांतले पाच दगावले. तरी महिनाअखेर वार्ताहरांसमोर मिजलीने तेच द्रव्य हातांना चोळून आणि हुंगून दाखवले. याला धैर्य म्हणावे, असे मला तरी वाटत नाही. पुढे कित्येक दशके गाड्यांच्या धुरातून ते शिसे रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात उतरत राहिले. भारतभर ते बंद व्हावयास 1 फेब्रुवारी 2000 उजाडावे लागले. अल्जीरियाने तर 2021 पर्यंत वाट पाहिली.

मद्यार्क आपल्याला परका नव्हताच. पॉवर अल्कोहोलचा कायदा 1948 सालचा. पण त्या मिश्रणाला खरा जोर आला तो फार उशिरा. 2001 मध्ये मिरज आणि मनमाड येथे इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले, 2003 पासून काही राज्यांत शेकडा पाच, 2022 मध्ये दहा आणि 2025 मध्ये वीस. आपल्या उसाच्या मुलखात या बातमीने कारखानदार हसले आणि जुन्या गाड्यांचे मालक चिंतावले.

चिंता अगदीच अनाठायी नाही. इथेनॉलची सहनशीलता मोठी, पण लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच; म्हणून वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के उष्णता घटते आणि मैल कमी पडतात. शिवाय ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला फुगवते. 1950 च्या दशकातील बुलेटचेच पाहा. तिचा जन्म इंग्लंडचा, आणि तेथे 1939 पासून 1953 पर्यंत सत्तरीच्या आसपास ऑक्टेनचे ‘पूल’ पेट्रोल सर्वांच्या वाट्याला होते. इंजिनातला दाबही त्या बेताचा, सौम्य. अशा गाडीला 100 चे पेट्रोल पाजणे म्हणजे म्हाताऱ्याला पहिलवानाचा खुराक. तिला हव्यात इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि वायसर. पावसाळाभर ती उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा, आणि टाकीत महिनोन्महिने मिश्रण साठवून ठेवू नये. नव्या, जास्त दाबाच्या गाडीची गोष्ट निराळी. तिथे पुस्तिकेत छापलेला आकडा पाहावा आणि त्याहून खालचे पेट्रोल घालू नये.