सत्तर टक्के म्हणजे नेमके किती?

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दोन आकडे वर्तमानपत्रांत येतात. एक टीएमसीचा, म्हणजे पाणी साठले किती. दुसरा क्युसेकचा, म्हणजे दर सेकंदाला वाहते किती. धरण साडेतेरा टीएमसीचे असले, तरी कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांवर अगदी टोकाला असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो : माझ्या चारीला पाणी किती आले? चारी गाळाने किती भरली आहे हे डोळ्यांना दिसते. पण तिच्यातून पाणी किती जाते हे मोजावेच लागते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत ही साधी गोष्ट वैद्यकशास्त्राला उमगायला बराच काळ जावा लागला. आज त्याचीच हकिगत आपण पाहणार आहोत.

सुरुवात जर्मनीत झाली. १९२९ साली वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तिचा एक्स-रे काढून घेतला. त्या वेळी त्याची कदर झाली नाही. १९५६ साली मात्र त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांच्या एका तपासणीत एक्स-रेत दिसणारे औषध चुकून हृदयाच्या रोहिणीतच गेले. रोगी वाचला आणि अँजिओग्राफीचा जन्म झाला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जिवंत माणसात प्रथमच नीट दिसू लागल्या.

दिसू लागल्या, आणि तिथेच एक घोटाळा सुरू झाला. चित्र पाहून डॉक्टर सांगू लागले : इथे ५० टक्के अडथळा, तिथे ७० टक्के. हा आकडा बहुधा नजरेचा अंदाज असे. एकच फिल्म दोन तज्ज्ञांनी पाहिली, तर दोन आकडे निघत. शिवाय, वाट ७० टक्के अरुंद झाली म्हणजे रक्तही ७० टक्के कमी झाले, असे काही नसते.

असे का? १९७४ साली अमेरिकेत लान्स गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांत असे दिसले की, शरीर विश्रांतीत असताना रोहिणी सुमारे ८५ टक्के अरुंद होईपर्यंत रक्तप्रवाहात फरक पडत नाही. पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. पण हृदयाला जास्तीत जास्त रक्त लागते, तेव्हा मात्र त्याच्या पुष्कळ आधीपासून पुरवठा कमी पडू लागतो. गाळ भरलेली चारी पावसाळ्यात कुणाला सलत नाही; उन्हाळी आवर्तनात ती उघडी पडते. घाट चढताना छातीत कळ येते आणि ओट्यावर बसल्यावर ती थांबते, त्याचे कारण हेच.

मग प्रवाह मोजायचा कसा? १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने रोहिणी रुंद करण्याची पहिली अँजिओप्लास्टी केली. अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा रक्ताचा दाब ते मोजत असत. १९९०च्या दशकात निको पेल्स आणि बर्नार्ड द ब्रॉयने यांनी या मापाला पक्के रूप दिले. दाब मोजणारी केसासारखी तार अडथळ्यापलीकडे न्यायची, औषधाने प्रवाह कमाल करायचा आणि दोन दाबांचे गुणोत्तर काढायचे. अलीकडे १०० आणि पलीकडे ७५ दाब असेल, तर उत्तर ०.७५. याला एफएफआर म्हणतात. ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर तो अडथळा रक्त अडवतो असे मानतात.

२००९ साली १००५ रुग्णांवरील ‘फेम’ या चाचणीचे निष्कर्ष आले. नजरेने ठरवून स्टेंट घातलेल्यांपैकी १८.३ टक्के रुग्णांना वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा शस्त्रक्रिया यांना तोंड द्यावे लागले. माप घेऊन ठरवलेल्यांत हे प्रमाण १३.२ टक्के होते, आणि त्यांना स्टेंटही कमी लागले. नजरेला ५० ते ७० टक्के वाटणाऱ्या अडथळ्यांपैकी सुमारे ६५ टक्के अडथळे प्रत्यक्षात रक्त अडवतच नव्हते. ७१ ते ९० टक्क्यांच्या अडथळ्यांतही पाचातला एक तसाच निघाला.

पण तार महाग, ती घालण्याचे कसबही हवे. म्हणून आता चित्रावरूनच प्रवाहाचे गणित मांडतात. १९१६ साली सुरू झालेल्या आणि आता पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल संशोधन संस्थेत धरणांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहतात. इथे रोहिणीची प्रतिकृती संगणकात तयार होते आणि वाहत्या द्रवाचे तेच नियम तिच्यातल्या रक्ताला लावले जातात. सीटी स्कॅनवरून असे माप काढण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१४ साली मंजुरी मिळाली. साध्या अँजिओग्राफीच्या चित्रांवरून ‘क्यूएफआर’ हे माप निघते. चीनमध्ये ३८२५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते नुसत्या नजरेपेक्षा सरस ठरले : वर्षभरात ८.८ टक्क्यांऐवजी ५.८ टक्के रुग्णांना त्रास झाला. युरोपात मात्र २०२४ साली ते तारेच्या मापापुढे उणे ठरले, ६.७ विरुद्ध ४.२ टक्के. म्हणजे डोळ्यापेक्षा गणित बरे, पण प्रत्यक्ष दाब मोजणे त्याहून बरे.

आपल्याकडे याचे महत्त्व काय? २०१२ साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. स्टेंट आवाक्यात आला, हे चांगलेच झाले. पण स्वस्त झालेली वस्तू गरजेची आहे का, हा प्रश्न उरतोच. स्टेंट बसला की रक्त पातळ ठेवणारी औषधे महिनोन्‌महिने चुकवता येत नाहीत. डिंभ्याच्या वरच्या डोंगरातल्या माणसाला औषधांच्या दुकानाची प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस असतो.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. छातीत अचानक असह्य कळ येऊन घाम फुटला, तर तो झटका समजावा. तिथे मापाची वाट पाहायची नसते. तातडीने इस्पितळ गाठायचे आणि बंद पडलेली वाहिनी उघडून घ्यायची. हे सगळे मोजमाप आहे ते अवकाश असलेल्या रुग्णासाठी. अशा रुग्णाला कुणी ‘ब्लॉकेज ७० टक्के’ असे सांगितले, तर त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी अदबीने विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, वाट किती अरुंद आहे ते कळले; पण पलीकडे रक्त किती पोचते?’ हा प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही. चारीच्या टोकाला उभा असलेला शेतकरी तो रोजच विचारतो.