‘ऊम्रा’, गुड फेअर

लिव्हरपूलच्या कापूसबाजारात आपल्या अमरावतीचं नाव होतं ‘ऊम्रा’. वऱ्हाडातला कापूस, मग तो अकोल्याचा असो की खामगावचा, या एकाच नावाने विकला जाई. त्याला दर्जाचा शब्द लागे: फेअर, गुड फेअर, गुड. यातला ‘फेअर’ म्हणजे न्याय्य नव्हे, नुसता ‘बरा’.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस घेणं भाग पडलं. त्यात कचरा, सरकी, भेसळ. तिथल्या बोलीत ‘सुरत’ म्हणजे टाकाऊ माल, असा अर्थच रुजला. १८६३ मध्ये मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध कायदा केला.

वऱ्हाडी शेतकऱ्याचे शब्द वेगळे होते: बनी आणि जरी. बनीचा धागा लांब, तलम, जरीचा आखूड. पण आखूड धाग्याच्या जातींतून रुई जास्त निघे, म्हणून बनी मागे पडली. नाव ‘ऊम्रा’च राहिलं!

आज सीसीआयच्या केंद्रावर शब्द आहे ‘एफएक्यू’. आपल्या कोडवाल्यांचे नेहमीचे प्रश्न नव्हेत, ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’. तो जुना ‘फेअर’ अजून टिकून आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. ग्रेडर गाडीतल्या कापसात मीटर खुपसतो, आणि बाजूला उभा शेतकरी विचारतो, “किती आलं, भाऊ?”