दोन हॉटेलं आणि प्रतापसिंह महाराज

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलानं आम्हां दोघांना महाबळेश्वरला दोन रात्री राहण्याचा हुकूम केला. खर्च तो करणार होता. माझ्याकडे काम एकच. त्यानं मोबाइलवर दोन हॉटेलांचे फोटो पाठवले होते, त्यांतलं एक निवडायचं. आता ज्या माणसानं जन्मभर "खोली आहे का?" एवढंच विचारलं आणि "आहे" ऐकल्याबरोबर हातातली पिशवी खाली ठेवली, त्याला असली निवड करायला सांगणं म्हणजे भुकेल्याला पंगतीबाहेर उभं करून "जिलबी की श्रीखंड?" असं विचारणं. तो म्हणणार, आधी पान तर मांडा!

पहिलं हॉटेल म्हणजे साहेबी थाटाचा जुना बंगला. जांभ्या दगडाच्या भिंती, ऐसपैस व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. दुसरं नवं, तीन मजली, जिकडेतिकडे काच आणि पुढ्यात निळ्याशार फरशीचा पोहण्याचा तलाव. भाडं दोन्हीकडे सारखंच, म्हणजे एका रात्रीला माझ्या नोकरीतल्या पहिल्या वर्षाच्या पगाराइतकं.

आमच्या सौभाग्यवतीचं माहेर सातारा. सांगलीच्या माणसानं साताऱ्याची मुलगी केली की एका घरात दोन संस्थानं नांदू लागतात. आमचं भडंग थोर की त्यांचे कंदी पेढे, या प्रश्नावर चाळीस वर्षांत तह झालेला नाही. महाबळेश्वर पडलं सातारा जिल्ह्यात, तेव्हा सल्ला मेव्हण्यांचा घेणं भाग होतं. मेव्हणे इतिहासाचे नादी. त्यांना हॉटेल विचारलं तर ते छत्रपतींपासून सुरुवात करतात.

"दाजी, हॉटेलाचं राहू द्या. मुळात तो डोंगरच आमचा!"

आणि ते खरं आहे. १८२४ साली लॉडविक नावाचा एक इंग्रज अधिकारी हा डोंगर चढून गेला आणि तिथली गार हवा त्याच्या डोक्यात गेली. मुंबईच्या उकाड्यानं हैराण झालेल्या गोऱ्यांना असंच काहीतरी हवं होतं. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणं लावलं आणि १८२९ साली अदलाबदल झाली. इंग्रजांना महाबळेश्वर मिळालं, महाराजांना खंडाळा.

हे ऐकून मला महाराजांच्या व्यवहारचातुर्याचं कौतुक वाटलं. खंडाळा काय वाईट? बोगदे, धबधबे, शेजारी लोणावळ्याची चिक्की! पण मेव्हण्यांनी माझी चिक्की तोंडातच अडवली. हा खंडाळा तो नव्हे. हा खंबाटकी घाटाच्या पलीकडचा, पुणे-सातारा रस्त्यावरचा. आपण एस.टी.तून ज्याच्या अंगावरून डुलक्या घेत जातो, तो!

"दोन ठिकाणांतून एक निवडायचं असलं की समोर इंग्रज आहे का ते आधी बघावं," मेव्हणे म्हणाले. महाराजांना त्या निवडीतून दुसरंही काही लाभलं नाही. १८३९ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं, काशीला पाठवलं आणि तिथंच १८४७ साली ते वारले. डोंगरावरच्या पेठेला नाव लागलं माल्कम साहेबांचं.

पण त्या डोंगरावरचे सर्वांत लांब मुक्कामाचे पाहुणे साहेब नव्हतेच. ते होते चिनी. १८३४ साली इंग्रजांनी तिथं तुरुंग बांधला आणि काळ्या पाण्याची शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. तीस वर्षं! आपण दोन रात्रींसाठी पगार मोजतो, आणि यांचा मुक्काम सरकारी खर्चानं. मात्र खोली निवडायची सोय नव्हती आणि सोडायचीही. त्यांनी तिथं मळे केले, बटाटा आणि भाजीपाला पिकवला, साहेबांची ताटं भरली. त्यांची आठवण म्हणून एका धबधब्याला 'चायनामन्स फॉल' म्हणतात. नावं मात्र कोणाला ठाऊक नाहीत.

हे सगळं मी रात्री सौभाग्यवतीला सांगितलं. तिनं फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि विचारलं, "अहो, त्या बंगल्यात खोल्या तळमजल्यावरच का?"

"हो. बैठा बंगला आहे."

"मग नको. दुसऱ्यात तिसऱ्या मजल्यावर मिळते का बघा. आणि तलावाच्या बाजूची नको."

"अगं, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे! तिथं काय पूर येणार?"

"तिथं येत नाही हो. तिथूनच तर येतो."

मी गप्प बसलो. महाबळेश्वरच्या डोंगरांतून निघणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री तेवढी कोकणात उतरते. वेण्णा माहुलीला कृष्णेत मिळते, कोयना कऱ्हाडला, आणि सगळ्या मिळून कृष्णेच्या नावानं सांगलीला येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. महाबळेश्वर आमच्या घरी मुक्कामाला आलं, तेही खोली न विचारता. आम्ही नऊ दिवस एका शाळेत, इयत्ता चौथीच्या वर्गात होतो. फळ्यावर पावकीचा पाढा अर्धा लिहिलेला होता. वर्गाबद्दल तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही. घरी परतल्यावर खालचं कपाट उघडलं, तेव्हा मात्र ती तिथंच खाली बसली. लग्नाचा अल्बम त्या कपाटात होता.

मुलानं हे दोन दिवस का ठरवले होते, ते मला तेव्हा कळलं.

मी दुसऱ्या हॉटेलात तिसरा मजला सांगितला. मेव्हण्यांना निवड पसंत पडली नाही. जुना बंगला सोडून काचेचा डबा घेतला म्हणून त्यांनी मला थेट खंडाळ्याच्या पंगतीत बसवलं.

खोली झकास होती. रात्री जेवणात बटाट्याची भाजी मागवली आणि त्या चिनी बागाइतदारांची आठवण काढून दोघांनी दोनदा घेतली. मध्यरात्री पावसाची सर आली. सौभाग्यवती उठली, खिडकीचा पडदा सारून तिनं खाली पाहिलं आणि परत येऊन झोपली.

तिच्या आधी दहा मिनिटं मीही पाहून आलो होतो. ते तिला सांगितलं नाही.