खारेपाटातली ‘मोकळी’ जमीन

पेण-रोह्याकडच्या प्लॉटच्या जाहिरातीत जमीन नेहमी मोकळी असते. ड्रोनने उंचावरून टिपलेली श्रावणातली हिरवळ, मागे डोंगररांग, वर पांढऱ्या रेघांनी आखलेले चौकोन. माणूस नाही, गोठा नाही, उडवीही नाही. कोकणात वाळवंट नाही, पण खारेपाटातले पडीक शेत मे महिन्यात पाहिले तर मिठाची पापडी आणि भेगा याखेरीज काही नजरेस पडत नाही. विकायची असली की हिरवा महिना दाखवायचा आणि स्वस्तात घ्यायची असली की हा पांढरा महिना पुढे करायचा, असा हा व्यवहार. दोन्ही फोटो खरे असतात. तरी दोन्ही अपुरे, कारण इथल्या जमिनीचे मोल वरवरच्या रूपावर कधी ठरलेच नाही. ते बांधावर, वापरावर आणि दप्तरावर ठरत आले.

खारेपाटातली ही खारभूमी माणसाने खाडीकडून सोडवून घेतली आहे. भरतीला अडवणारा बांध घालायचा आणि त्यात उघाडी बसवायची, म्हणजे ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीचे खारे पाणी आत शिरत नाही. त्यानंतर मीठ धुऊन निघेपर्यंत कित्येक पावसाळे थांबावे लागे. म्हणून अशा जमिनी कौलाने देताना सुरुवातीची वर्षे सारा माफ असे. जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातली शिलोत्री पद्धत यातूनच आली. समुद्राकडचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची, आणि त्याबद्दल कुळाने बिघ्यामागे ठरावीक भात द्यायचे, तेही जमिनीच्या साऱ्याखेरीज. म्हणजे बांधाच्या देखभालीला वेगळी किंमत होती आणि ती दरसाल मोजली जाई. पुढे १९४८ च्या खारभूमी कायद्याने आणि १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने हे काम बरेचसे सरकारकडे गेले. बांधाला खांड पडली की एकदोन भरत्यांत पीक जाते, आणि दुरुस्ती रखडली तर त्या शेतात कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर अशा कांदळवनाला हात लावता येत नाही. जाहिरातीतला सुंदर हिरवा पट्टा कधी कधी नेमका हाच असतो!

डोंगराकडच्या बाजूला, रोह्याच्या आतल्या भागात, हाच घोटाळा वरकस जमिनीचा झाला. खडकाळ, गवताळ, वर्षातले आठ महिने उजाड दिसणारी ही जमीन आज ‘फार्महाऊससाठी उत्तम’ ठरते. पण भाताच्या रोपासाठी राब भाजायला लागणारे गवत, पाला आणि टहाळ याच वरकसातून येई. त्याशिवाय खालचे खाचर पिकत नसे. शिवाय तिथे नाचणी-वरी होई. रायगडातल्या अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत उभ्या आहेत. त्या वाड्या सातबाऱ्यावर मालक म्हणून नसतात, मग विक्रीच्या फोटोत कशाला येतील?

यावर कोणी म्हणेल की दप्तर तरी कुठे निर्दोष आहे? बरोबर आहे. सातबाऱ्यातला ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेला भाग, हाही जमिनीकडे साऱ्याच्या नजरेने पाहण्याचाच प्रकार. पण दप्तरातल्या नोंदीला हरकत घेता येते, फेरफाराला आव्हान देता येते. पेणच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन मागितली गेली तेव्हा, आमची गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत, या मुद्द्यावर ते अडून बसले, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले. फोटोला अशी हरकत कुठे नोंदवणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विकणारा शेतकरीच आहे, बांध फुटके आहेत, पोरे धाटावच्या कारखान्यांत किंवा मुंबईत आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून भाव चढले आहेत, मग फोटो चांगला काढला तर बिघडले काय? विकण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की फुटका बांध किमतीत धरला गेला की चौकटीबाहेर ठेवला गेला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात खोट्या जाहिरातीबद्दल परतावा आणि भरपाई आहे, पण हे संरक्षण मुख्यतः नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पांना. एकेकट्या शेतजमिनीचा सौदा त्यात सहसा बसत नाही, आणि शेतकरी नसलेल्याला तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेताही येत नाही. म्हणून घेणाऱ्याने विक्रेत्याकडे मोठ्या उधाणाच्या दिवशीचा बांधाचा आणि उघाडीचा फोटो मागावा, आणि सातबारा स्वतः तलाठ्याकडून पाहून घ्यावा.