गेवराईचं राजकारण: चिन्हं बदलतात, घराणी तीच राहतात

निवडणूक आली की गेवराईत पहिला प्रश्न असतो, ‘यंदा कोण कुठल्या पक्षात?’ बाहेरच्याला हा प्रश्न विचित्र वाटेल, पण इथला इतिहास पाहिला की कळतं. बीड जिल्ह्यातल्या या तालुक्यात मतदान पक्षापेक्षा माणसाभोवती आणि घराण्याभोवती फिरत आलं आहे. मुस्लिम मतदाराचा कौलही त्याच चौकटीत समजून घ्यायला हवा, असं आम्हाला वाटतं.

घराण्यांची लढत

माजी मंत्री शिवाजीराव पंडित हे इथलं जुनं नाव. गढीचा जय भवानी साखर कारखाना याच घराण्याशी जोडलेला. 1995 मध्ये पुतणे बदामराव पंडित अपक्ष उभे राहिले आणि आमदार झाले. 2004 मध्ये शिवाजीरावांचे चिरंजीव अमरसिंह पंडित भाजपकडून निवडून आले. 2009 मध्ये बदामराव राष्ट्रवादीकडून जिंकले. पुढे अमरसिंह राष्ट्रवादीत आले आणि बदामराव शिवसेनेत गेले. म्हणजे घड्याळाला मत देणाऱ्याचा उमेदवार बदलला आणि उमेदवारामागे जाणाऱ्याचं चिन्ह बदललं!

2014 आणि 2019 मध्ये भाजपचे लक्ष्मण पवार आमदार झाले. पहिल्या वेळी मताधिक्य साठ हजारांच्या घरात होतं. दुसऱ्या वेळी राष्ट्रवादीचे विजयसिंह पंडित आणि अपक्ष बदामराव दोघंही रिंगणात होते. तेव्हा पवारांचं मताधिक्य सात हजारांच्याही आत आलं.

2024: एकाच वर्षात दोन कौल

13 मे 2024 ला लोकसभेचं मतदान झालं. बीडमधून शरद पवार गटाचे बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला. गेवराईने सोनवणेंना मोठी आघाडी दिली. गोदावरीपलीकडे, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत सप्टेंबर 2023 मध्ये आंदोलकांवर लाठीमार झाला होता. त्यानंतर पेटलेला मराठा आरक्षणाचा प्रश्न तेव्हा गावोगावी होता.

सहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं. गेवराईची जागा महायुतीत अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली आणि विजयसिंह पंडित जिंकले. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून लढलेले बदामराव पंडित पराभूत झाले. लोकसभेला महाविकास आघाडी, विधानसभेला महायुती, असे हे दोन कौल. लोकसभेला राज्याचा प्रश्न वरचढ ठरला. विधानसभेला ऊस, कारखाना, ओळख आणि ‘अडचणीला धावून येणारा कोण’ हे पुन्हा पुढे आलं.

‘मुस्लिमांची एकगठ्ठा मतं’ खरं का?

निकालानंतर दरवेळी कुणीतरी म्हणतं, ‘मोहल्ल्याने एकगठ्ठा मत दिलं.’ पण मत गुप्त असतं, समाजनिहाय मोजणी होतच नाही. निवडणूक अधिकारी फॉर्म 20 मध्ये बूथनिहाय आकडे देतात, त्यातून एवढंच कळतं की त्या बूथवर कुणाला किती मतं पडली. एका बूथवर अनेक समाजांचे लोक असतात. बाकीचा अंदाजच. आणि याच अंदाजावर मोहल्ल्यातल्या नळाचं, रस्त्याचं, नालीचं काम अडत असेल, तर ते चूक आहे. निवडून आलेला माणूस सगळ्यांचा असतो. म्हणून आकडे स्वतः वाचायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

नगरपरिषद: सगळ्यात जवळची निवडणूक

लोकसभेच्या लाखो मतांत आपल्या घरची पाच मतं दिसत नाहीत. नगरपरिषदेच्या प्रभागात मात्र ती निकाल फिरवू शकतात. मुस्लिमांतल्या बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ओबीसींसाठी राखीव जागेवर त्यांना उभं राहता येतं, त्यासाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागतं. निवडणूक जाहीर झाल्यावर दाखल्यासाठी धावाधाव करण्यात अर्थ नाही, ते काम आधीच हातात घ्यावं.

आधी यादी, मग चर्चा

2025 च्या नगरपरिषद निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ची विधानसभा मतदार यादी धरण्यात आली. ज्यांचं नाव तिच्यात नव्हतं, त्यांनी नंतर कितीही आरडाओरड केली तरी उपयोग नव्हता. नवीन नावासाठी नमुना 6 आणि दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरायचा असतो. सासरी आलेल्या सुना आणि अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलं यांची नावं सगळ्यात जास्त राहून जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दसऱ्याआधीच यादी पाहून घ्यावी.

कुणाला मत द्यायचं हे आम्ही सांगणार नाही, तो ज्याचा त्याचा हक्क. उमेदवार दारात आला की एवढंच विचारा: मागच्या वेळी कुठल्या चिन्हावर होतात, आणि आमच्या गल्लीत काय केलंत?